साडू म्हणतात ट्रेड डाऊन, तुम्ही म्हणता पार्सन्स

पत्र:

ताई नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळ नाशिकचा. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, म्हणजे सुपर बोलला, जायंट्सनी पेट्रियट्सना १७-१४ हरवलं तो माझा अमेरिकेतला पहिला हिवाळा, तेव्हापासून जायंट्स म्हणजे जायंट्स. माझे साडू माझ्या बरेच वर्ष आधी आलेले, तेही जायंट्सवालेच, खरं तर त्यांनीच मला हा खेळ शिकवला, फर्स्ट डाऊन म्हणजे काय इथपासून. पण २०२१ च्या ड्राफ्टपासून, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या वाटपापासून, आमचं जे वाजलंय ते थांबतच नाही. त्या वर्षी आपला ११ वा पिक (निवडीचा नंबर) होता, तो आपले जनरल मॅनेजर गेटलमन यांनी शिकागोला दिला आणि २० व्या नंबरवर खाली सरकले, बदल्यात पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड वगैरे घेतलं. २० वर घेतला कोण तर कडेरियस टोनी. आणि १२ वर डॅलसनी उचलला मायका पार्सन्स!! मी म्हणतो हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले. साडू म्हणतात ट्रेड बरोबरच होता, त्यांच्याकडे एक्सेल शीट आहे त्यात पॉइंट्स मांडलेत. बरं त्या रात्री मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये बसून घसा फोडून सांगत होतो की स्लेटरला घ्या, आपल्याला टॅकल (समोरच्यांना अडवणारा) पाहिजे, पण माझं कोण ऐकतो.

यंदा गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद वाटताना परत विषय निघाला आणि साडू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुला फुटबॉल हायलाइट्सपुरता कळतो." मी मोदकाचं ताट तसंच ठेवून निघून आलो. तेव्हापासून बोलणं बंद. दिवाळीचा फराळ पण बायको आणि मेव्हणीनी परस्पर इकडून तिकडे केला. त्यात माझा बारा वर्षांचा मुलगा जायंट्स सोडून ईगल्सकडे गेलेल्या सेकॉन बार्कलीची हिरवी जर्सी मागतोय, म्हणजे घरातच फितुरी. आता एप्रिलमध्ये ड्राफ्ट, दर वर्षी आम्ही साडूंकडेच बघतो. जाऊ का नको? आणि बरोबर कोण ते एकदा सांगून टाका.
— वैतागलेला बिग ब्लू

उत्तर:

बिग ब्लू साहेब,

आधीच सांगून टाकते, नंतर म्हणायला नको की ताईंनी लपवलं. मी फिलाडेल्फियाच्या बाजूला राहते आणि आमच्या घरात ईगल्स चालतात. तरी तुमचं पत्र पूर्ण निष्पक्षपातीपणे वाचलंय, फक्त हिरव्या जर्सीच्या ओळीला हसू आवरलं नाही. घेऊन द्या हो त्याला ती जर्सी. तुमच्याकडून सुटून आमच्याकडे आला त्याच वर्षी त्या माणसानी २००५ यार्ड्स काढले आणि सुपर बोल जिंकला, बारा वर्षांच्या पोरानी यात कॉन्ट्रॅक्टचं राजकारण काय बघायचं.

आता ड्राफ्टच्या रात्री जायचं का, तर जायचं. हे आधी सांगते कारण पुढचं सगळं वाचून तुम्ही शीटमधली चूक शोधायला बसाल आणि मूळ प्रश्न राहून जाईल.

ज्या वाचकांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन फुटबॉलमध्ये दर एप्रिलला कॉलेजातली पोरं टीम्स वाटून घेतात, ज्या टीमचा सीझन सगळ्यात वाईट गेला तिचा नंबर पहिला आणि सुपर बोल जिंकणारी सगळ्यात शेवटी, असे सात राउंड. हा नंबर विकता येतो. वरचा नंबर देऊन खालचे दोन-तीन घेतले की झाला ट्रेड डाऊन. एवढंच आहे, आणि एवढ्यावरून माणसं साडूशी बोलणं टाकतात.

आता बरोबर कोण. दोघंही, आणि म्हणूनच तुमचं भांडण मिटत नाहीये. साडू बोलतायत भावाबद्दल, म्हणजे ११ वा नंबर केवढ्याला विकला. तुम्ही बोलताय माणसाबद्दल, म्हणजे तिथे उभा असलेला कोण सोडला आणि मिळालेल्या नंबरांवर कोण घेतला. एकाच रात्रीत घडलेले हे दोन वेगळे निर्णय आहेत, तुम्ही दोघं चार-पाच वर्ष एकमेकांच्या प्रश्नाला आपलं उत्तर देताय आणि वर समोरच्याला मूर्ख समजताय.

ती रात्र एकदा नीट आठवा. २९ एप्रिल २०२१, ड्राफ्ट क्लीव्हलंडला. १० वा नंबर डॅलसचा, ११ वा तुमचा, १२ वा आमचा, तिन्ही एकाच डिव्हिजनच्या टीम्स, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. डॅलसला कॉर्नरबॅक (पास अडवणारा) हवा होता असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं, पण चांगले दोन्ही आठ आणि नऊवर गेले. तुमची नजर पास झेलणाऱ्या डेव्होंटा स्मिथवर आहे ही तर जगजाहीर गोष्ट होती. मग आमच्या ईगल्सनी काय केलं तर चक्क डॅलसशी सौदा केला, आपला १२ वा आणि थर्ड राउंडचा ८४ वा नंबर देऊन १० व्यावर उडी मारली आणि स्मिथ तुमच्या नाकासमोरून नेला. डॅलस दोन घर खाली आलं आणि तरी त्यांना पार्सन्स मिळाला, जो त्या वर्षीचा बेस्ट डिफेन्सिव्ह रुकी, म्हणजे बचावातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. म्हणजे नीट बघा, तुम्ही ज्या पार्सन्सचं नाव घेऊन ट्रेड डाऊनला शिव्या घालताय तो पार्सन्स डॅलसला मिळाला तोच ट्रेड डाऊन करून. हे साडूंच्या शीटमध्ये असेलच, नसेल तर प्लीज तुम्ही सांगायला जाऊ नका.

मधे तुम्ही ११ वर. गेटलमनसाहेबांची ख्याती अशी की जनरल मॅनेजर झाल्यापासून, आधी कॅरोलायना आणि मग न्यूयॉर्क, ड्राफ्टमध्ये एकदाही खाली सरकले नव्हते. त्या रात्री पहिल्यांदा सरकले. बदल्यात काय मिळालं: २० वा नंबर, त्याच वर्षीचा पाचव्या राउंडचा एक, आणि पुढच्या वर्षीचे पहिल्या आणि चौथ्या राउंडचे दोन. साडू जे पॉइंट्स म्हणतायत तो बहुतेक डॅलसचा तेव्हाचा कोच जिमी जॉन्सन याचा तक्ता असणार, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये बनवलेला. त्यात पहिला नंबर ३००० पॉइंट्स, ११ वा १२५०, २० वा ८५०. म्हणजे ४०० पॉइंट्सची तूट भरून काढायला शिकागोनी एक अख्खा पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड दिला. पुढे शिकागोचा सीझन झोपला आणि तो नंबर सातवा निघाला, सातव्याचे १५०० पॉइंट्स! भाव म्हणून बघाल तर हा सौदा जायंट्सच्या खूपच फायद्याचा होता. साडू इथे शंभर टक्के बरोबर आहेत आणि हे तुम्हाला त्यांच्या तोंडावर म्हणावं लागणार आहे, मनाची तयारी करा.

पुढच्या वर्षीचे पिक स्वस्तात का मिळतात हे कळायला आपली लिलावाची भिशी आठवा. ज्याला पैसे आत्ताच पाहिजेत तो कमी रक्कम घेऊन भिशी उचलतो आणि जे थांबतात त्यांच्यात त्याचा तोटा वाटला जातो, अगदी तेच. ज्या टीमला क्वार्टरबॅक (पास फेकणारा, टीमचा म्होरक्या) आज रात्रीच पाहिजे ती पुढच्या वर्षीचा फर्स्ट राउंड पाण्याच्या भावात सोडते, कारण त्या जनरल मॅनेजरची नोकरी पुढच्या वर्षी राहीलच याची गॅरंटी कोणाला. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ड्राफ्टचा यावरून नीट अभ्यास केलाय, थेलरना नंतर २०१७ ला नोबेलही मिळालं (ड्राफ्टसाठी नाही!). त्यांचं म्हणणं असं की वरच्या नंबरांना टीम्स फाजील किंमत देतात, कारण प्रत्येकाला वाटतं की आपल्याला हिरा ओळखता येतो, आणि प्रत्यक्षात एकाच जागेवर खेळणारे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले तर आधी गेलेला दुसऱ्यापेक्षा चांगला निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त. त्यांचे आकडे जुन्या करारांच्या काळातले आहेत हे खरं. २०१० ला पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलर नुसते गॅरंटीड होते आणि २०११ ला नियम बदलल्यावर कॅम न्यूटनचा अख्खा चार वर्षांचा करार सव्वादोन कोटींच्या आत आला, त्यामुळे वरचे नंबर आता तेवढे महाग पडत नाहीत. पण मूळ मुद्दा टिकतो. आणि त्यातला तुमच्या कामाचा भाग असा की खाली सरकणाऱ्याला जास्त तिकिटं मिळतात एवढंच ते दोघं सांगतात, लॉटरी लागते असं नाही म्हणत.

आता तुमची बाजू, कारण साडूंची शीट जिथे संपते तिथे तुमची खरी केस सुरू होते. मिळालेल्या तिकिटांचं जायंट्सनी काय केलं? २० वर टोनी, जो दीड वर्षात कॅन्सस सिटीला देऊन टाकला. त्याच टोनीनी २०२३ च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये टचडाऊन केला आणि वर ६५ यार्डांचा पंट रिटर्न (समोरच्यांनी लाथाडलेला चेंडू घेऊन उलटी धाव), सुपर बोलच्या इतिहासातला सगळ्यात लांब, आणि तो कोणाविरुद्ध तर आमच्याविरुद्ध, म्हणजे तुमच्या ट्रेड डाऊनचा भुर्दंड शेवटी मी भरला, त्यावर मला बोलायचंच नाहीये. टोनीच्या बदल्यात जे मिळालं त्यातला थर्ड राउंडचा पिक रेडर्सना देऊन डॅरेन वॉलर आणला, तो एक सीझन खेळून रिटायर झाला. शिकागोच्या त्या सोन्यासारख्या सातव्या नंबरवर इव्हान नील घेतला, टॅकल, आणि पाचव्या वर्षाचा ऑप्शन, म्हणजे करार एक वर्ष वाढवायचा हक्क, त्याच्यासाठी वापरलाच नाही. सगळ्या साखळीचा हिशोब केला की हातात धुपाटणंच राहतं. त्यामुळे "ट्रेड बरोबर होता" म्हणून साडू विजयी मुद्रेनी लॅपटॉप बंद करतात तेव्हा तुमचं डोकं फिरतं ते अगदी साहजिक आहे. २०२३ च्या सीझनच्या पहिल्याच मॅचला मेटलाइफ स्टेडियमवर, स्वतःच्या घरात, पावसात डॅलसकडून ४०-० खाल्ल्यावर १५०० पॉइंट्सचं कोणी सांगितलं तर मी पण ताट ठेवून निघाले असते.

पण पार्सन्सचं नाव तुम्ही सोडायचं. का ते तुमच्याच पत्रात आहे. त्या रात्री बेसमेंटमध्ये तुम्ही पार्सन्स म्हणत नव्हता, तुम्ही स्लेटर म्हणत होता. रशॉन स्लेटर १३ वा गेला, चार्जर्सना, आणि चांगला लेफ्ट टॅकल निघाला, पहिल्याच वर्षी प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या यादीत गेला. अहो तुमच्याकडे खरी पावती आहे आणि तुम्ही उसनी दाखवत फिरताय! पार्सन्स म्हटलं की कोणीही म्हणणार की आता काय, सगळं झाल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. पण "मी त्या रात्री टॅकल मागितला, तुम्ही तिथेच बसला होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच ट्रेडच्या पिकवर आपण टॅकलच घेतला तो चालला नाही" याच्यावर साडूंकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. एक्सेलमध्ये तर नाहीच.

तरी एवढं लक्षात ठेवा की खाली सरकणं म्हणजे हुशारी आणि वर सरकणं म्हणजे मूर्खपणा असा काही नियम नाहीये, साडूंनाही हे ऐकवायला हरकत नाही. तुमचा लाडका क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग, ज्याच्यामुळे तुम्ही जायंट्सवाले झालात, तो २००४ ला आला कसा? चौथ्या नंबरवर घेतलेला फिलिप रिव्हर्स, त्याच वर्षीचा थर्ड राउंड, पुढच्या वर्षीचे पहिला आणि पाचवा राउंड, एवढं सगळं सॅन डिएगोला देऊन. साडूंच्या तत्त्वाच्या अगदी उलट, पण दोन सुपर बोल आले. उलट बफेलोनी २०१७ ला १० वा नंबर विकून २७ वर सरकून ट्रेडेव्हियस व्हाइट घेतला, उत्तम कॉर्नरबॅक, बदल्यात पुढचा फर्स्ट राउंड पण मिळवला, सगळं शास्त्रशुद्ध. फक्त तो १० वा नंबर कॅन्सस सिटीनी घेऊन त्यावर क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स उचलला, जो नंतर त्याच बफेलोला प्लेऑफमधून परत परत घरी पाठवत राहिला. आणि ज्या शिकागोनी तुमच्याकडून ११ वा घेऊन क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स आणला आणि तीन सीझननी पिट्सबर्गला जवळजवळ फुकट दिला, त्याच शिकागोनी २०२३ ला पहिला नंबर कॅरोलायनाला विकला, ९ वा नंबर, डीजे मूर हा खेळाडू आणि पुढचे पिक घेतले, कॅरोलायना २-१५ झाली (दोन विजय, पंधरा पराभव) आणि पुढच्या वर्षीचा पहिला नंबर पण शिकागोच्याच पदरात! तीच टीम, दोन वर्षांत दोन टोकं. यात कोण शहाणा ते तुम्ही दोघं दोन फराळाच्या ताटांवर बसून ठरवा, मला जमलं नाही.

आता फुटबॉल बाजूला ठेवा. माझ्या मते तुम्ही ट्रेडवर रागावलेलेच नाही आहात. ज्या माणसानी तुम्हाला फर्स्ट डाऊन शिकवला त्यानी सगळ्यांदेखत, गणपतीसमोर, सासरच्या माणसांत म्हटलं की तुला हायलाइट्सपुरतं कळतं. हे लागलंय, आणि लागणारच. गंमत अशी की शिकवणाऱ्या माणसाला शिष्य आपल्याशी वाद घालायला लागला की पहिली काही वर्ष ते झेपत नाही, त्यातून ही असली वाक्य निघतात. बाकीच्यांना ड्राफ्ट कशाशी खातात ते माहीत नव्हतं, त्यांना फक्त एवढंच दिसलं की एकानी टोमणा मारला आणि दुसरा तडकाफडकी गेला. साडूंनाही त्याची लाज वाटत असेल असा माझा अंदाज आहे, पण वयानी आणि मानानी मोठे पडले ना, आधी फोन कसा करणार.

तर तुम्ही करा. व्हॉट्सॲपवर नको, तिथे ते लगेच शीटचा स्क्रीनशॉट टाकतील. बायकोकडून निरोप तर अजिबात नको, त्या दोघी बहिणींनी फराळाची हमाली केली तेवढी पुरे. सरळ फोन उचला आणि दोनच गोष्टी बोला. पहिली, की भाव म्हणून तो ट्रेड चांगला होता हे मला मान्य आहे, वाया घालवला तो नंतर. हे आधी बोला, त्यांना खुर्चीत टेकू द्या. दुसरी, की गणपतीत सगळ्यांसमोर तुम्ही मला जे बोललात ते मला आवडलं नाही. एवढंच, पुढे "पण" नाही, पार्सन्स नाही. मग गप्प बसायचं. ते सॉरी म्हणतील असं नाही, आपल्याकडची त्या वयाची माणसं सॉरीच्या ऐवजी "जेवायलाच ये गुरुवारी" म्हणतात, ते सॉरी समजून घ्या.

आणि ड्राफ्टच्या रात्रीसाठी एक पद्धत ठरवून घ्या. जायंट्सची पाळी यायच्या आधी दोघांनी कागदावर दोन गोष्टी लिहायच्या: मी कोणाला घेतला असता, आणि किमान काय मिळालं तर मी खाली सरकलो असतो. कागद घड्या घालून मेव्हणीकडे द्यायचे. पुढे कधीही, दिवाळीत, बारशाला, कोणाच्या पंच्याहत्तरीला, "त्याला घ्यायला हवं होतं" असं म्हणायचं असेल तर ज्याचं नाव तुमच्या कागदावर आहे त्याच्याबद्दलच म्हणायचं. कागदावर नाही तर तोंडातून नाही. या एका नियमानी तुमची निम्मी भांडणं जन्मालाच येणार नाहीत, आणि दुसऱ्या ओळीमुळे साडूंना पण कळेल की खाली सरकायचं हे तत्त्व म्हणून सगळे बोलतात, आकडा लिहायला सांगितला की पेन थांबतं. तुमच्या मुलालाही एक कागद द्या. हिरव्या जर्सीत बसला तरी द्या.

गुरुवारी पहिला राउंड, शुक्रवारी दुसरा-तिसरा, तेवढ्यापुरतंच हे ठेवा. शनिवारी चौथ्यापासून सातव्यापर्यंत चालतं त्यावरही तुम्ही भांडणार असाल तर तुमचं तुम्ही बघा, त्याला माझ्याकडे औषध नाही, आणि पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी सहाव्या राउंडला १९९ वा गेला होता हे कळवायला कृपया वेगळं पत्र पाठवू नका.

— ताई